लूसी टापाहोन्सो यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लूसी टापाहोन्सो कोण आहेत?

नावाहो या अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजातल्या कवयित्री. जन्म ८ नोव्हेंबर १९५३ चा, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या शिप्रॉक गावचा. कविता, छोट्या कथा, मुलांची पुस्तकं आणि बरीच वर्षं विद्यापीठांतून शिकवणं, असा त्यांचा संसार. नावाहो नेशनने २०१३ मध्ये 'पोएट लॉरिएट' हे मानाचं पद पहिल्यांदा दिलं, ते त्यांना. त्याआधी २००६ मध्ये नेटिव्ह रायटर्स सर्कल ऑफ द अमेरिकाज या लेखकसंस्थेने त्यांना जीवनगौरव दिला होता. पुरस्कारांचं इथेच आटोपतं घेऊ. त्यांच्या कवितेत शिरायला त्या यादीचा फारसा उपयोग होत नाही.

नावाहो नेशन हा वेगळा देश आहे का?

नाही, पण नुसता एखादा जिल्हाही नाही. अमेरिकेच्या आत राहून स्वतःचं सरकार, स्वतःची न्यायालयं आणि पोलीस असलेला हा प्रदेश आहे. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत तो पसरलाय. क्षेत्रफळ सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून थोडं कमी. राजधानी विंडो रॉक. नोंदणी असलेले सदस्य चार लाखांच्या घरात आहेत, त्यातले बरेच पोटापाण्यासाठी बाहेरच्या शहरांत राहतात. हे लोक स्वतःला 'दिने' म्हणवतात.

टापाहोन्सो वाचताना सरकारी नकाशापेक्षा दुसरा एक नकाशा जास्त कामाला येतो. दिने परंपरेत त्यांची भूमी चार पवित्र पर्वतांच्या मध्ये आहे: पूर्वेला ब्लँका पीक, दक्षिणेला माउंट टेलर, पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्को पीक्स आणि उत्तरेला हेस्परस. प्रत्येक दिशेला आपला रंग आहे, अनुक्रमे पांढरा, निळा, पिवळा आणि काळा. हे चारही पर्वत आज नावाहो नेशनच्या सरकारी हद्दीबाहेर आहेत. कवितेत मात्र ते घराच्या चार भिंतींसारखे कायम जागेवर असतात.

त्यांचं बालपण कसं गेलं?

शेतावर, मोठ्या गोतावळ्यात. अकरा भावंडं. घरात दिने भाषाच बोलली जायची, इंग्रजी नंतर शिकली. आधी फार्मिंग्टनची नावाहो मेथडिस्ट शाळा आणि मग शिप्रॉक हायस्कूल.

शिप्रॉक गाव सॅन हुआन नदीच्या काठी आहे. गावाच्या नैर्ऋत्येला सपाट माळावर सुमारे ४८० मीटर उंचीचा एक खडक एकटाच उभा आहे, त्यावरून गावाला इंग्रजी नाव पडलं. ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला तो दगड. भोवतालची माती झिजून गेली आणि तो उघडा पडला.

या बालपणाबद्दल त्यांनी जे लिहिलंय त्यात हालअपेष्टांची कैफियत शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. फार्मिंग्टनला बाजाराला जाण्यावरचं त्यांचं एक छोटं लेखन आहे. सगळ्या पोरांना जायचं असायचं, रडारड व्हायची, शेवटी काड्या ओढून ठरवावं लागायचं. थोरला भाऊ जाणार कारण गाडी तो चालवतो, दुसरा जाणार कारण धुण्याचे गाठोडे उचलायला हवा, वडील जाणार कारण ते वडील, आणि आई जाणार कारण पैसे तिच्याकडे असतात आणि काय कुठे घ्यायचं ते तिलाच कळतं. घरात सत्ता कुणाच्या हातात होती, हे यातून न सांगता कळतं.

त्यांच्या परिचयात 'सॉल्ट वॉटर' आणि 'बिटर वॉटर' असे शब्द येतात. ते काय?

ती कुळांची नावं आहेत. दिने समाजात कूळ आईकडून येतं. मूल आईच्या कुळात जन्मतं आणि वडिलांच्या कुळासाठी जन्मतं, असं म्हणण्याची पद्धत आहे. टापाहोन्सो यांच्या आईचं कूळ सॉल्ट वॉटर, वडिलांचं बिटर वॉटर. नवा माणूस भेटला की आईचं, वडिलांचं, आईच्या वडिलांचं आणि वडिलांच्या वडिलांचं अशी चार कुळं सांगून ओळख होते. त्यातून समोरच्याशी आपलं काय नातं लागतं, त्याला काय हाक मारायची, हे ठरतं. एका कुळात लग्न होत नाही.

हे सगळं कवितेच्या बाहेरचं नाही. त्यांच्या कवितांत मामा, मावशी, आजी, भाचरं सतत येत-जात असतात. त्यांना प्रस्तावनेची गरज नसते, दार उघडून ती सरळ स्वयंपाकघरात येतात.

त्या कवितेकडे कशा वळल्या?

आधी पत्रकारिता होती. १९७६ मध्ये त्यांनी अल्बुकर्कीच्या न्यू मेक्सिको विद्यापीठात प्रवेश घेतला तोही पत्रकारितेच्याच इराद्याने. तिथे लेस्ली मार्मन सिल्को शिकवत होत्या. सिल्को लागुना पुएब्लो समाजाच्या, कादंबरीकार म्हणून नुकत्याच नावारूपाला येत होत्या. त्यांनी टापाहोन्सो यांना सर्जनशील लेखनाकडे ओढलं. १९८० मध्ये पदवी, १९८३ मध्ये एम.ए. पहिला संग्रह 'वन मोर शिप्रॉक नाइट' १९८१ साली आला, त्यातल्या कविता पदवीच्या विद्यार्थिनी असतानाच्या. पुढे न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ॲरिझोना या विद्यापीठांत शिकवलं आणि पुन्हा न्यू मेक्सिकोत परतल्या.

बातमीदारीची सवय त्यांच्या कवितेत टिकून आहे असं मला वाटतं. कोण बोललं, कुठे बसून बोललं, तेव्हा समोर काय खायला-प्यायला होतं, हे त्या चुकवत नाहीत.

त्या कोणत्या भाषेत लिहितात?

मुख्यतः इंग्रजीत. पण ओळीओळींत दिने भाषा येते, कधी एक शब्द, कधी अख्खं कडवं, कधी गाण्याची धून. आणि जिथे सगळे शब्द इंग्रजी आहेत तिथेही वाक्याची ठेवण पुष्कळदा दिने बोलण्याची असते. वाचनाच्या कार्यक्रमांत त्या कवितेचा काही भाग गातात. कागदावरची कविता त्यामुळे निम्मीच पोचते. त्यांचं एखादं ध्वनिमुद्रण आधी ऐकून मग पुस्तक उघडावं.

भाषेचा हा वापर साधा वाटतो, पण त्याच्या मागे मोठा इतिहास आहे. सरकारी आणि मिशनरी निवासी शाळांत कित्येक पिढ्या मुलांना आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाल्या. त्याच सरकारच्या मरीन दलाने १९४२ पासून जपानविरुद्धच्या लढाईत त्याच भाषेवर आधारलेली सांकेतिक बोली वापरली, त्यासाठी आधी २९ नावाहो तरुण घेतले. टापाहोन्सो या विरोधाभासावर भाषण देत बसत नाहीत. त्या फक्त दोन्ही भाषांत लिहितात.

त्यांच्या पुस्तकांत कविता कुठली आणि कथा कुठली, हे कळतच नाही. असं का?

कारण त्या तशी भिंत घालत नाहीत. १९९३ च्या 'सानी दाहाताल: द विमेन आर सिंगिंग' या संग्रहात कवितेशेजारी गोष्ट, गोष्टीत गाणं असा सगळा मेळ आहे. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटलंय की हे लेखन आपल्या एकटीचं नाही, शतकांमागचे आणि पुढे येणारे अनेक आवाज त्यात आहेत. त्या असंही सांगतात की दिने समाजात गोष्टी माहीत असणं, लक्षात असणं आणि नीट सांगता येणं ही चांगल्या घरच्या वळणाची खूण मानतात. ज्याला छान बोलता येतं तो श्रीमंत.

म्हणजे कविता ही त्यांच्या लेखी बोलण्याचीच एक जात आहे. त्यांची कविता 'सोपी' म्हणून बाजूला सारणारे समीक्षक मला पटत नाहीत ते याच कारणाने. बैठकीत गप्पा मारणारा चांगला माणूस कुठे थांबतो, कुठे विषय सोडून देतो, कुठे हळूच परत येतो, हे ज्याने पाहिलंय त्याला हे लेखन किती बांधीव आहे ते दिसेल.

सुरुवातीला वाचायची एक कविता सांगाल?

'हिल्स ब्रदर्स कॉफी'. मामा सकाळी घरी येतो. दुकानात निघालो होतो, सहज डोकावलो म्हणतो. मी आलो की तुझी आई नेमकी घरी नसते. मला येताना बघून पळत जाऊन गाडीत बसत असेल आणि सुसाट निघून जात असेल, असं तो हसत म्हणतो. भाची कॉफी ओतते. तो साखर आणि क्रीम इतकं घालतो की कॉफीचा रंगच बदलतो. मग त्याचं लक्ष डब्याकडे जातं. डब्यावर लांब झगा घातलेल्या माणसाचं चित्र आहे, चर्चमधल्या माणसासारखं. हां, हीच ती कॉफी, असं तो म्हणतो. बाकीच्यांत दम नसतो.

एवढंच. शेवटी भाची सांगते की तेव्हापासून तीही बहुधा हीच कॉफी घेते. या कवितेत काही 'घडत' नाही, आणि तरी मामा-भाचीचं अख्खं नातं, आईची वाट पाहणं, परक्या डब्यावरचं चित्र आपल्या नजरेने वाचणं, सगळं येऊन जातं. वर्गात शिकवायला घेतली तर विद्यार्थी आधी हसतात, हे तिचं यशच म्हणायचं.

कॉफी आणि फ्राय ब्रेड (तळलेली भाकरी) त्यांच्या लेखनात इतकं का येतं?

याचं उत्तर 'इन १८६४' या कवितेत आहे, आणि तिला थोडी जागा द्यायला हवी.

इतिहास असा. १८६३-६४ मध्ये अमेरिकी सैन्याने किट कार्सनच्या नेतृत्वाखाली नावाहो भूमीत मोहीम काढली. पिकं जाळली, मेंढरं मारली, कॅन्यन डी शे इथली पीचची झाडं तोडली. उपासमारीने लोक शरण आले. मग ८,००० हून अधिक जणांना सुमारे ४८० किलोमीटर चालवत पेकोस नदीकाठच्या बॉस्क रेडोंडोला, फोर्ट समनरच्या छावणीत नेलं. दिने लोक त्या जागेला ह्वेल्दी म्हणतात आणि त्या चालीला लाँग वॉक. नदीचं पाणी खारट, पीक कीड खाऊन गेलं, रोगराई, थंडी. कवितेच्या आरंभीच्या टिपणात २,५०० हून अधिक मृत्यूंचा आकडा आहे. १ जून १८६८ ला करार झाला आणि उरलेले लोक घरी परतले. आपल्याच भूमीत परत जाऊ देणारा असा करार मिळवणारे मूलनिवासी समाज अमेरिकेत फार थोडे.

आता कविता. एक आई मुलींना घेऊन महामार्गाने गाडी चालवतेय. फोर्ट समनरचं वळण जवळ येतं तशी तिला एक गोष्ट आठवते. विजेच्या तारा टाकणाऱ्या तुकडीत काम करणारा एक ओळखीचा माणूस त्या माळावर मुक्कामाला होता. रात्री त्याला वाऱ्यात रडण्याचे, हाकांचे आवाज येऊ लागले. ते आपल्याच माणसांचे आहेत हे त्याला कळलं. त्याने प्रार्थना केली, गाणी म्हटली, पण शेवटी ते काम सोडून तो निघून आला. मग मावशीने सांगितलेली लाँग वॉकची हकिकत येते: जे मागे पडले त्यांचं काय झालं, आणि आपण एकत्र आहोत तोवर टिकू असं लोक एकमेकांना कसं सांगत राहिले. गाडीत मुलगी रडतेय. आणि तिथे आई तिला सांगते की पिठाची ओळख आपल्याला त्या छावणीत झाली, आणि आता फ्राय ब्रेड ही आपली 'पारंपरिक' भाकरी समजली जाते. कडक कॉफीची गोडी तिथलीच. बायका झालरींचे लांब सुती घागरे शिवू लागल्या तेही तिथेच. गडद मखमलीच्या पोलक्यांवर त्यांनी चांदीची नाणी टाचली, कारण तेव्हा पैशांचा त्यांना दुसरा काही उपयोगच नव्हता.

मामाच्या कॉफीत म्हणून छावणीचा शिधा मिसळलेला आहे, पण मामाला त्याची आठवण करून देण्याचा कठोरपणा कवयित्री करत नाही. 'इन १८६४' मधलं मला सगळ्यात धीट वाटतं ते मुलगी रडत असताना आईने कपड्यांबद्दल आणि खाण्याबद्दल बोलायला लागणं. विषय बदलल्यासारखं वाटतं, पण तिने तो बदललेला नसतो. छावणीतून आपण काय घेऊन आलो, हे ती मुलीला सांगत असते.

म्हणजे त्यांची कविता दुःखाचीच आहे का?

मुळीच नाही. 'रेझिन आइज' वाचा. एक मैत्रीण दुसरीला आपल्याकडे राहणाऱ्या दोस्ताचं गाऱ्हाणं सांगतेय: मनुकांसारखे डोळे आणि टोकदार बूट असलेला हा नावाहो काउबॉय, पैसे हिचे, गाडी हिची, आणि तो रोडिओच्या, म्हणजे काउबॉयांच्या घोडे-बैलांच्या खेळांच्या, मागे. सोडून का देत नाहीस, तर सोडवत नाही. असले काउबॉय म्हणजे कटकट, फक्त हे सारखं लक्षात ठेवणं अवघड जातं, अशी कबुली शेवटी येते. सिनेमातल्या 'काउबॉय विरुद्ध इंडियन' या ठरलेल्या खेळाला इथे गंमतीने सुरुंग लागतो, कारण काउबॉय स्वतःच इंडियन, म्हणजे मूलनिवासी, आहे. शिवाय कविता एका खऱ्याखुऱ्या बाईचं बोलणंही राहते.

निळे घोडे कशाचे प्रतीक आहेत?

'ब्लू हॉर्सेस रश इन' ही बाळाच्या जन्माची कविता आहे, १९९७ च्या संग्रहाला तिचंच नाव आहे. आईच्या पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात, आणि ऐकणाऱ्यांना ते धावत्या घोड्यांच्या टापा म्हणून ओळखू येतात. मग चार दिशांनी चार रंगांचे घोडे येतात, पांढरे, निळे, पिवळे, काळे. वर सांगितलेला पर्वतांचा नकाशा इथे धावत येतो.

'प्रतीक' म्हणून एक ओळीचं उत्तर परीक्षेसाठी ठीक आहे. पण घोडा हा दिने जीवनातला खरोखरचा प्राणी आहे, धूळ उडवणारा, वास येणारा. त्याला लगेच अर्थाच्या गोठ्यात बांधू नये.

जन्माबद्दल त्यांनी इतरत्रही लिहिलंय. बाळाची नाळ घराजवळ पुरतात, म्हणजे ते मूल कुठेही गेलं तरी घराकडे परत येईल. बाळ पहिल्यांदा हसलं की जेवण घालतात आणि मीठ वाटतात. ज्याने हसवलं त्याच्यावर तो मान पडतो.

कॅन्ससला असताना त्यांच्या लेखनात काय बदललं?

१९९० च्या दशकात त्या लॉरेन्सच्या कॅन्सस विद्यापीठात शिकवत होत्या. तिथली दमट हवा, हिरवाई, संध्याकाळचे काजवे, यातलं काहीच शिप्रॉकच्या कोरड्या माळाशी जुळणारं नाही. 'सानी दाहाताल'मध्ये ही ओढ जागोजागी आहे. मायभूमीपासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना लिहिणं हाच परत जाण्याचा आणि 'होझो', म्हणजे सौंदर्य आणि समतोल, सावरण्याचा मार्ग आहे, असं त्यांनी प्रस्तावनेत लिहिलंय. पुणे-मुंबई सोडून न्यू जर्सीत किंवा दुबईत बस्तान बसवलेल्या मराठी वाचकांना हा भाग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. फरक एवढाच की टापाहोन्सो सुट्टीत गाडी काढून घर गाठू शकत होत्या, आणि त्या वाटेवरच त्यांच्या पुष्कळ गोष्टी घडतात.

'जस्ट पास्ट शिप्रॉक' ही खरी गोष्ट आहे का?

तिचा घाट तरी आठवणीचा आहे. पिकअप गाडीच्या मागे पोरं बसलीत. शिप्रॉकच्या पुढे काही खडक दिसतात आणि मोठी मुलगी सांगते, फार पूर्वी इथून जाताना एका कुटुंबाचं तान्हं बाळ वारलं, त्याला गुंडाळून त्या दगडांत ठेवलंय. मोठेपणी त्या वाटेने जाताना लेखिका म्हणते की नव्या माणसाला ही जमीन ओसाड वाटेल, पण ती गोष्टींनी भरलेली आहे. लांबीने अगदी छोटं लेखन आहे. टापाहोन्सो यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण याच परिच्छेदापाशी येऊन थांबतात, आणि ते बरोबरच आहे.

मुलांसाठी काही आहे का?

आहे. एलिनॉर शिक यांच्याबरोबरचं 'नावाहो एबीसी' (१९९५) हे अक्षरांचं पुस्तक, आणि 'साँग्ज ऑफ शिप्रॉक फेअर' (१९९९). दुसऱ्यात ऑक्टोबरमध्ये भरणाऱ्या शिप्रॉकच्या जत्रेची धमाल आहे: मिरवणूक, खाणं, नातेवाइकांची गर्दी.

कोणत्या क्रमाने वाचावं?

'सानी दाहाताल' आधी. मग 'ब्लू हॉर्सेस रश इन'. २००८ चा 'अ रेडियंट कर्व्ह' शेवटी, कारण त्यात त्या जास्त संथ झाल्यात आणि आधीची माणसं ओळखीची असली की तो संथपणा आवडतो. सुरुवातीचे छोटे संग्रह, 'सीझनल वुमन' (१९८२) आणि 'अ ब्रीझ स्वेप्ट थ्रू' (१९८७), मिळाले तर जरूर, न मिळाले तर अडत नाही.

जॉय हार्जो आणि नताली डियाझ याही नावाहो आहेत ना?

नाहीत. हार्जो मस्कोगी समाजाच्या, डियाझ मोहावी. अमेरिकेच्या पोएट लॉरिएट झालेल्या पहिल्या मूलनिवासी कवी म्हणजे हार्जो (२०१९ ते २०२२). त्याही न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकल्या, म्हणून गल्लत होते. शेकडो वेगळे समाज, वेगळ्या भाषा. 'नेटिव्ह अमेरिकन कविता' हे दुकानातल्या फडताळावर लावायला सोयीचं लेबल आहे.

त्यांच्यानंतरचे नावाहो कवी कोण?

२०१५ मध्ये पोएट लॉरिएटपद लॉरा टोही यांच्याकडे गेलं. त्यांचे वडील त्या सांकेतिक बोलीच्या सैनिकांपैकी एक होते, आणि टोही यांनी अशा सैनिकांच्या आठवणींचं पुस्तक केलंय. निवासी शाळांबद्दल त्या टापाहोन्सो यांच्यापेक्षा बऱ्याच तिखट लिहितात. 'नो परोल टुडे' (१९९९) बघा. रेक्स ली जिम थेट दिने भाषेत लिहितात, आणि २०११ ते २०१५ या काळात नावाहो नेशनचे उपाध्यक्षही होते. शेर्विन बित्सुई यांचा 'फ्लड साँग' (२००९) तुटक, स्वप्नासारखा आहे, टापाहोन्सो यांच्या गप्पांपासून पार लांब. तरुणांत जेक स्कीट्स. त्यांच्या २०१९ च्या पहिल्या संग्रहात गॅलप शहराच्या भोवतालची दारू, हिंसा आणि तरुण पुरुषांचं प्रेम येतं. हे सगळे एकत्र भेटायचे असतील तर ॲरिझोना विद्यापीठ प्रकाशनाचा 'द दिने रीडर' (२०२१) हा जाडजूड संकलनग्रंथ आहे, आणि टापाहोन्सो त्यातही आहेत.